‘सिटी ऑफ एंजल्स’ : पहिल्या ‘क्रो’च्या सावलीतला सूडपट

मृताची अतृप्त इच्छा आणि कावळा यांचे नाते मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पिंडाला कावळा शिवेपर्यंत जीव टांगणीला लागलेले नातेवाईक आपण पाहिलेले असतात. टिम पोप दिग्दर्शित ‘द क्रो : सिटी ऑफ एंजल्स’ (१९९६) या हॉलिवूडपटाची कल्पना याच्या जवळ जाणारी आहे. अन्यायाने मारल्या गेलेल्याचा आत्मा शांत झाला नाही, तर कावळा त्याला हिशेब चुकता करण्यासाठी परत आणतो.

या कथेचे मूळ जेम्स ओबार यांच्या चित्रकथेत आहे. मद्यधुंद वाहनचालकाने त्यांच्या वाग्दत्त वधूचा बळी घेतला. त्या दुःखातून जन्मलेली ही चित्रकथा १९८९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारलेला पहिला ‘द क्रो’ अॅलेक्स प्रोयास यांनी केला. त्याच्या चित्रीकरणादरम्यान रिव्हॉल्वरच्या नळीत अडकलेला गोळीचा तुकडा लागून नायक ब्रँडन ली यांचा ३१ मार्च १९९३ रोजी मृत्यू झाला. ते अवघे २८ वर्षांचे होते. उरलेली दृश्ये बदली कलाकार व संगणकाच्या साह्याने पूर्ण करून १९९४ साली चित्रपट प्रदर्शित झाला. प्रेक्षकांनी तो श्रद्धांजली म्हणूनही पाहिला. अशा चित्रपटाचा पुढचा भाग काढणे ही जोखीमच होती.

डेव्हिड गोयर यांच्या पटकथेने नायक बदलला आणि कथा डेट्रॉइटहून लॉस एंजलिसला नेली. मोटारसायकल दुरुस्त करणारा अॅश (व्हिन्सेंट पेरेझ) आणि त्याचा लहान मुलगा डॅनी एक खून पाहतात. अमली पदार्थांचा सम्राट जुडा अर्ल याची टोळी दोघांनाही मारून पाण्यात फेकते. कावळा अॅशला परत आणतो. पहिल्या भागातील लहानगी सारा आता तरुण चित्रकार झाली आहे (मिया किर्शनर). तीच त्याला वाट दाखवते.

पहिल्या भागात प्रेयसीसाठी घेतलेला सूड होता, येथे तो पोटच्या पोरासाठी आहे. मुलाला वाचवू न शकलेल्या बापाची ही वेदना चित्रपटाचे पहिले बलस्थान आहे. दुसरे बलस्थान म्हणजे झाँ-इव्ह एस्कोफिए यांचे छायालेखन. पहिल्या भागातील पावसाळी काळोखाऐवजी त्यांनी शहराला गंधकासारखी पिवळी-हिरवी झाक दिली. ‘मृतांच्या दिवसा’च्या मिरवणुकीत ती विशेष परिणाम साधते. ग्रॅम रेव्हेल यांचे संगीत आणि टोळीतल्या कर्व्हच्या भूमिकेतील रॉक गायक इगी पॉप हेही लक्षात राहतात.

मग चित्रपट फसला कुठे? ‘द क्युअर’ या बँडच्या संगीतचित्रफितींमुळे नावाजलेल्या पोप यांना वेगळ्या वाटेने जायचे होते. निर्मितीसंस्थेला मात्र पहिल्या यशाची पुनरावृत्ती हवी होती. चित्रपट पुन्हा संकलित करण्यात आला आणि पोप यांनी त्या आवृत्तीपासून स्वतःला दूर ठेवले. जेमतेम ८४ मिनिटांच्या या आवृत्तीत एकेका गुंडाला गाठून संपवण्याचा जुनाच क्रम येतो. अॅश आणि साराच्या नात्याला श्वास घ्यायला सवड मिळत नाही. साराचा अंत त्यामुळे हवा तितका चटका लावत नाही.

अमेरिकेत पहिल्या भागाने सुमारे ५ कोटी डॉलरचा गल्ला जमवला होता. दुसरा भाग १ कोटी ८० लाखांच्या आसपास थांबला. त्यानंतर ‘सॅल्व्हेशन’ (२०००) व ‘विकेड प्रेयर’ (२००५) हे भाग आले. २०२४ साली बिल स्कार्सगार्ड यांना घेऊन मूळ कथा नव्याने सांगण्यात आली, तीही अपयशी ठरली.

दुसऱ्या भागाचे दुर्दैव असे की, त्याचे गुण तो वेगळा होतो तिथे आहेत आणि दोष नक्कल करतो तिथे. ब्रँडन ली यांची जागा कोणी भरून काढू शकणार नव्हते. पेरेझ यांच्याकडून तशी अपेक्षा केली नाही, तर मुलासाठी झुरणाऱ्या बापाची ही काळोखी कहाणी आजही एकदा पाहण्याजोगी आहे.