बैल, बार्शी लाईट आणि एक जुनी सीडी

देवणीत 1940 साली जन्मलेला आणि आयुष्यभर गाव न सोडलेला एखादा माणूस घ्या. तो जन्मला निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तीन तालुके (देवणी तेव्हा उदगीर तालुक्यात) मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. मग 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, 16 ऑगस्ट 1982 ला लातूर जिल्हा झाला आणि 1999 मध्ये देवणी स्वतःच तालुका झाली. म्हणजे गडी जागेवरून हलला नाही आणि तीन राज्यं, तीन जिल्हे फिरून आला. एवढा प्रवास आमच्या कंपनीतल्या ऑनसाईटवाल्यांचाही होत नाही :)

हे सगळं डोक्यात आलं ते एका मित्रामुळे. कॉलेजला आम्ही एकाच खोलीत राहायचो, तो मूळचा देवणीचा. मध्ये दीडेक वर्ष भेट नव्हती. गेल्या महिन्यात एका शनिवारी आला, दारातूनच "काय करलालास बे?" म्हणाला आणि मग पहाटे तीनपर्यंत गप्पा. पुण्यात तो अगदी पुणेरी बोलतो, पण बूट काढले की भाषा उदगीरला पोचते.

त्याने सेकंडहँड गाडी घेतली आणि पहिलाच लांबचा प्रवास थेट गावाकडे केला. पुणे, टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, लातूर, सगळं सुरळीत. गाव हाकेच्या अंतरावर आलं आणि समोरून आलेल्या ट्रकला साईड देताना डावीकडची दोन्ही चाकं डांबर सोडून काळ्या मातीत उतरली. पाऊस नुकताच उघडलेला. ज्यांनी मराठवाड्यातली ओली काळी माती पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. याने जोरात ॲक्सिलरेटर दाबला, गाडी अजून वीतभर खाली. टायरवर माती अशी चढली की चाकं दिसेनात. शेवटी शेजारच्या शेतातून एक आजोबा बैलजोडी घेऊन आले आणि पहिलं वाक्य बोलले, "इंजिन बंद करा सायेब, बैल बुजतेत." दहा मिनिटांत गाडी डांबरावर.

तर हे बैल म्हणजे देवणीची जगाला खरी ओळख. गाव कुठे आहे हे पुण्या-मुंबईत कुणाला माहीत नसतं, पण पशुवैद्यकाच्या पुस्तकात 'देवणी' हा गोवंश हमखास असतो. गाय दुधाला चांगली आणि बैल कामाला दणकट, असा दुहेरी उपयोगाचा. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून तो तयार झाला असं मानतात. यात तीन प्रकार. पांढरं अंग आणि काळं तोंड तो वानेरा. अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके तो शेवेरा. आणि वरून जवळपास स्वच्छ पांढरा, फक्त पोटाकडे काळे डाग, तो बाळंक्या. मित्राची गाडी ओढणारे दोन्ही वानेरा होते. एवढ्या गडबडीतही त्याने हे पाहून ठेवलं, म्हणजे गावाशी नाळ शाबूत आहे.

मी त्याला म्हटलं, तू ज्या रस्त्याने गेलास तो साधासुधा रस्ता नाही. कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, लातूर हा मार्ग बार्शी लाईट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही छोटी गाडी 1897 मध्ये सुरू केली, आधी फक्त कुर्डुवाडी ते बार्शी. बार्शी ही कापसाची मोठी बाजारपेठ, पण मुंबईहून येणारी मोठी रेल्वे तिला बाजूला टाकून गेली होती. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं की रूळ अरुंद असले म्हणून गाडी खेळण्यातली होत नाही. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही आणि तो सगळ्या आसांवर सारखा वाटायचा, मग हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जातो. लोड बॅलन्सिंगच म्हणा ना! 1911 मध्ये ही गाडी निजामाच्या हद्दीतल्या लातूरपर्यंत पोचली आणि लातूरच्या पेठेचा माल मुंबईकडे जाऊ लागला.

कॅलथ्रॉप मला भलताच आवडलाय, त्यामुळे जरा विषयांतर. रोल्स-रॉइसमधले चार्ल्स रोल्स त्याचे मित्र. जुलै 1910 मध्ये बोर्नमथला विमान कोसळून रोल्स वारले. त्यानंतर हा रेल्वेवाला माणूस पॅराशूटच्या मागे लागला आणि त्याने 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट बनवलं. शिवाय अरबी घोडे पाळायचा आणि जनावराला न मारता शिकवावं असं म्हणायचा. आमच्या देवणीच्या आजोबांशी त्याचं जमलं असतं.

पण या लाईनचं एक दुखणं होतं. कुर्डुवाडीला मोठी लाईन 1676 मिलिमीटरची. म्हणजे लातूरहून आलेलं प्रत्येक पोतं तिथे हमालांनी छोट्या डब्यातून काढून मोठ्या डब्यात टाकायचं. वेळ जाणार, पैसा जाणार, थोडा माल सांडणारही. हे जवळजवळ शंभर वर्षं चाललं. कुर्डुवाडी ते लातूर पूर्ण ब्रॉडगेज व्हायला 2008 उजाडलं. त्याची किंमत काय होती ते आठ वर्षांनी कळलं. 11 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची गाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला आली. दहा टँकर, प्रत्येकात पन्नास हजार लिटर. मिरज-कुर्डुवाडी-लातूर हा सगळाच जुन्या बार्शी लाईटचा मार्ग. गेज बदललं नसतं तर कुर्डुवाडीला पाणी कुठल्या हमालाने आणि कसं उतरवलं असतं?

देवणी-उदगीरकडच्या लोकांना मात्र ही लाईन लांबचीच. त्यांच्याकडे निजामाच्या रेल्वेने विकाराबाद, बीदर, उदगीर, परळी असा ब्रॉडगेज मार्ग टाकला, तीसच्या दशकाच्या सुरुवातीला. त्याच सुमारास, 1932 मध्ये, निजामाच्या रेल्वेने 27 बस घेऊन स्वतःची बससेवाही सुरू केली. पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली ती 1 जून 1948 ला, म्हणजे सोळा वर्षांनी! मागास मागास म्हणून आपण ज्यांना हिणवतो त्यांच्या संस्थानात सरकारी बस आधी आली होती. अर्थात संस्थानात नागरी हक्कांची काय अवस्था होती हेही विसरून चालणार नाही. बस वेळेवर असली म्हणजे राज्य चांगलं असतं असं नाही.

रूळ ज्या दिशेला जातात तिकडे माणसं जातात. 1956 मध्ये नकाशावरची रेघ बदलली, पण मित्राच्या घरात आजारी माणूस हैदराबादला, लग्नाचा बस्ता हैदराबादला. साहजिकच पहिला कॉम्प्युटरसुद्धा तिकडूनच आला. साल 2007. त्याचे वडील (आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, ते शाळेत शिक्षक होते) एमएस-सीआयटी करून बसलेले. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून असेंबल्ड मशीन घेतलं आणि मोठा डबा मॉनिटर गोधडीत गुंडाळून रेल्वेने उदगीरपर्यंत आणला. काकांनी रात्रभर त्याला मांडीपासून हलू दिलं नाही. घरी पोचले तर वीज नाही. त्या वर्षांतल्या भारनियमनात दिवसाचे कितीतरी तास तो कॉम्प्युटर म्हणजे टेबलावर ठेवलेली एक शोभेची वस्तू होती.

पण काकांनी त्याच्यावर एक काम नेटाने केलं. मुक्तिसंग्रामातली, रझाकारांच्या काळातली माणसं तेव्हा गावोगाव हयात होती. काका सायकलवर जायचे, त्यांच्याशी बोलायचे, वहीत लिहायचे आणि रात्री वीज आली की टाईप करायचे. कोण कुठून सरहद्दीपलीकडे गेलं, कुणाचं घर जळालं, कुणी कुणाला लपवलं. मुसलमान शेजाऱ्यांनी लपवलेल्या हिंदूंच्या आणि पोलीस ॲक्शननंतर हिंदूंनी लपवलेल्या मुसलमानांच्या, दोन्हीकडच्या आठवणी त्यात आहेत. वह्या पुढे एका पावसाळ्यात भिजून गेल्या. बोलणारी माणसं तर बहुतेक सगळी गेलीच. उरली एक सीडी, आणि मित्र ती घेऊनच त्या शनिवारी आला होता.

फाईल उघडली तर अक्षरशः कचरा. कारण काकांनी वापरला होता डीटीपीच्या दुकानातून मिळालेला जुना फॉन्ट. त्या काळी मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी चित्रं. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. आयएससीआयआय हे सरकारी प्रमाण 1991 पासून होतं, युनिकोडमध्येही देवनागरी त्याच वर्षी आली, विंडोज 2000 पासून ती नीट दिसूही लागली. पण दुकानदाराला कुणी सांगायचं? ज्याचं त्याचं गेज वेगळं आणि कुर्डुवाडी ठायी ठायी.

हमाली मी केली. दोन वीकेंड लागले. नुसतं या चिन्हाऐवजी ते अक्षर असं करून भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवायची. रफार नेमका उलटा, दिसतो शेवटी आणि साठवायचा आधी. त्यामुळे माझ्या पहिल्या प्रयत्नात 'निजाम'ची वेलांटी मागच्या शब्दाला जाऊन चिकटली होती. आता 112 पानं वाचता येतात. काकांना प्रिंट पाठवली, ते लाल पेनाने तपासतायत, शिक्षकच ते.

एक फाईल मात्र सीडीच्या ओरखड्यात गेली, ती काही केल्या वाचता येत नाही. त्यात वलांडीच्या एका घरातली हकीकत होती असं काकांना आठवतं. त्या घरातल्या नातवाला काही माहीत आहे का ते विचारायला ते पुढच्या आठवड्यात जाणार आहेत. मुलगा म्हणाला, मी येतो, गाडीने सोडतो. काका म्हणाले, नको, एसटी आहे.