हातचा एक

संगणक म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एखादे झगझगीत परदेशी यंत्र उभे राहते, आणि त्याच्या पोटात काय चालते हे आपल्याला कळायचे नाही, असे जो तो मनाशी ठरवून टाकतो. आम्ही आज ज्यांच्याविषयी बोलणार आहोत ती माणसे याच्या नेमकी उलट वागली. जेवढे आपल्याला मुळापासून समजते तेवढेच यंत्र घ्यावे, त्याची आज्ञावली आपल्या हाताने लिहावी, आणि ती शक्य तितकी लहान असावी, असा त्यांचा बाणा. या छंदाचा इतिहास सांगणारे बहुधा अमेरिकेतून आरंभ करतात. आम्ही डहाणूहून करणार आहोत, आणि त्याला कारण आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म 17 जानेवारी 1905 रोजी डहाणू येथे झाला. तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यात होते. 2014 पासून ते आणि आपले जूचंद्र एकाच पालघर जिल्ह्यात नांदत आहेत. ठाण्यास शाळा, पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालय, 1929 साली मुंबई विद्यापीठाची पदवी, आणि 1930 पासून 1962 पर्यंत देवळालीस शाळामास्तरकी, एवढेच त्यांचे बाह्य चरित्र. पदवीपुढचे गणिती शिक्षण त्यांना मिळाले नाही. साधने म्हणजे कागद, पेन्सिल आणि रिकामा वेळ. न बिघडणारे यंत्र म्हणून कागद-पेन्सिलीइतके भरवशाचे दुसरे काही आम्हांस ठाऊक नाही.

त्यांचा एक शोध येथे बसल्या बसल्या करून पाहता येतो. चार आकडी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यांतून तेच अंक चढत्या क्रमाने लिहून वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. आपण त्यांचे जन्मवर्षच घेऊ. 1905 चे 9510 होतात, त्यांतून 0159 वजा केले की 9351. पुढे 8172, मग 7443, 3996, 6264, 4176 आणि सातव्या वजाबाकीला 6174. आता 7641 मधून 1467 वजा करून पाहा: पुन्हा 6174. येथून सुटका नाही. कोणत्याही संख्येस सातापेक्षा अधिक पायऱ्या लागत नाहीत. डहाणूच्या या गृहस्थांचे जन्मवर्ष शेवटच्या पायरीपर्यंत जाते, हा योगायोग आम्हांला फार गोड वाटतो.

हे सर्व संख्यांना लागू आहे हे पडताळायचे कसे? चार आकडी संख्या 9000. सारख्या अंकांच्या नऊ वगळल्या तरी 8991 उरतात. आजचे यंत्र ती सारी यादी डोळा मिटायच्या आत तपासून मोकळे होईल. परंतु पेन्सिलवाल्या माणसाला आधी विचार करावा लागतो. विचार केला की दिसते, वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर अवलंबून असते: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतील फरक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्याला 999 ने गुणावे, दुसऱ्याला 90 ने, आणि बेरीज घ्यावी. पहिला फरक 1 ते 9, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका; म्हणजे जोड्या भरतात अवघ्या 54. एका संध्याकाळचे काम! साधन तोकडे असले की बुद्धीला काटकसर सुचते. आणि छंदिष्टांच्या आज्ञावलीतली सगळी मौज या काटकसरीत आहे.

कापरेकरांनी 1949 च्या मद्रासच्या गणित परिषदेत 6174 ची हकीकत मांडली. त्यांच्या ‘डेम्लो’ संख्यांचे नाव तर एका रेल्वे स्थानकावरून पडले. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली; आपल्या जूचंद्र स्थानकातून दिव्याकडे जाणारी गाडी कोपरला पोचली की डोंबिवली शेजारचेच स्थानक. 1, 11, 111 यांचे वर्ग करा: 1, 121, 12321. गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला याहून स्वस्त करमणूक कोणती? आमच्या विद्वानांनी मात्र त्यांच्या या खेळांची फारशी दखल घेतली नाही, हे नमूद करणे भाग आहे. त्यांचे बरेचसे लेखन स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांतून निघाले.

इकडे देवळालीस पेन्सिल चालली असता मुंबईत दुसराच उद्योग मांडला गेला होता. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन हे अमेरिकेहून गणितातील डॉक्टरेट घेऊन 1954 साली आले. कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेने 1955 साली एक अंकीय संगणक विलायतेहून विकत आणला. मुंबईकरांनी तो स्वतः बांधायचा असे ठरवले. प्रिन्स्टन येथील यंत्राचा आराखडा पुढ्यात ठेवून 1956 पर्यंत एक लहान प्रायोगिक यंत्र चालू झाले, आणि 1960 साली पूर्ण यंत्र कामाला लागले. पंडित नेहरूंनी त्याचे नाव टिफ्रॅक असे ठेवले. संस्थेने केलेले काम आहे, त्याला छंद म्हणणे योग्य होणार नाही. पण यंत्र हाताने बांधून त्याची आज्ञावलीही आपणच लिहिण्याची जी रीत पुढे छंदिष्टांनी उचलली, ती आपल्याकडे येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसते.

ते यंत्र पोलादी चौकटीत उभे होते: लांबी 18 फूट, उंची 8 फूट, रुंदी अडीच फूट. रेडिओवाले ज्यांना व्हॉल्व्ह म्हणत अशा 2700 निर्वात नलिका, 1700 जर्मेनियम डायोड आणि 12500 रोधक त्यात होते. दोन्ही बाजूंना दारे, म्हणजे हवा तो भाग उघडून पाहता यावा. स्मृतीसाठी फेराइटची बारीक कडी वापरलेली. जूचंद्र हे रांगोळी काढणाऱ्यांचे गाव. तेव्हा येथे हे समजावणे सोपे आहे. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक ठिपक्याच्या जागी एक कडे, आणि उभ्या-आडव्या ओळींतून कड्यांत ओवलेल्या तारा. एक उभी आणि एक आडवी तार निवडली की त्यांच्या छेदावरचे एकच कडे हाती येते. ते एका दिशेने चुंबकित केले तर शून्य, उलट दिशेने केले तर एक. वीज गेली तरी कड्याला आपले उत्तर आठवत राहते. टिफ्रॅकच्या स्मृतीत प्रत्येकी 40 अंकांचे 2048 शब्द मावत; म्हणजे 81920 ठिपक्यांची रांगोळी! आजच्या हिशेबाने ही 10 किलोबाइट झाली.

एवढ्या जागेत गणित बसवायचे, आणि तेही शून्य आणि एक यांच्याच भाषेत लिहायचे. भरवशाचा प्रश्न तर क्षणोक्षणीचा. समजा, एक व्हॉल्व्ह सरासरीने 10000 तास टिकतो. मग 2700 व्हॉल्व्हांच्या यंत्रात दर पावणेचार तासांनी कोणता ना कोणता निकामी होणार. अशा यंत्राशी संसार करायचा तर त्याचा कोपरान् कोपरा ठाऊक असलेला माणूस जवळ हवा. 1964 साली संस्थेत सी. डी. सी. 3600 हे कितीतरी पटींनी वेगवान अमेरिकन यंत्र आले आणि 1965 पर्यंत टिफ्रॅकचा उपयोग संपला. काही जण याला हार म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. संशोधकांना वेग हवा होता आणि तो विकत घेणेच शहाणपणाचे होते. परंतु बांधताना जी माणसे घडली ती काही विकत मिळाली नसती. 1965 सालीच कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्ष नरसिंहन झाले.

आता 1975 साल. जानेवारीत अमेरिकेत एका मासिकाने अल्टेअर 8800 नावाच्या, घरी जुळवायच्या संगणकाचे चित्र मुखपृष्ठावर छापले. त्याची स्मृती 256 बाइट. ना पडदा, ना टंकफलक. पुढच्या बाजूला खटके आणि दिवे. 5 मार्च रोजी कॅलिफोर्नियात एका गॅरेजमध्ये असल्या छंदिष्टांची पहिली बैठक भरली. तिला जाणाऱ्यांत स्टीव्ह वॉझ्निअॅक होता. त्याने 1976 साली आपले यंत्र बांधले आणि ते चालवणारी मूळ आज्ञावली 256 बाइटांत बसवली. आणि त्याच मार्च 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांची ओळख जगाला करून दिली. देवळालीच्या मास्तरांचे वय तेव्हा 70 होते. जगाने दखल घेतली ती अशी, आणि नेमकी त्याच महिन्यात की जेव्हा घरोघरी लहान यंत्रे बांधणारे लोक करून पाहण्याजोगे लहान गणित शोधत होते.

आपल्याकडे हा छंद पोचला तो मुख्यतः 8085 या प्रक्रियकाच्या शिकाऊ पेट्यांतून. तंत्रनिकेतनांत शिकलेल्या अनेक श्रोत्यांनी ती पेटी हाताळली असेल: सोळा चिन्हांची कळपट्टी आणि सहा अंक दाखवणारी लाल पट्टी, चार अंक पत्त्याचे आणि दोन मजकुराचे. सुटे भाग हवेत तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. या पेटीवर 6174 चे गणित करायचे तर एक गमतीची अडचण येते. दशमान बेरीज नीट करून देणारी आज्ञा 8085 मध्ये आहे. पण ती बेरजेलाच चालते, वजाबाकीला नाही. मग वजाबाकी बेरजेतून साधावी लागते. 9510 मधून 0159 वजा करायचे आहेत. उजवीकडचे दोन अंक घ्या: 99 मधून 59 गेले 40, त्यात 1 आणि 10 मिळवले की 51, शंभर भरले नाहीत, तेव्हा हातचा शून्य. डावीकडे 99 मधून 01 गेला 98, त्यात 95 आणि हातचा मिळवला की 193. शंभर सोडून द्या, 93. उत्तर 9351. शंभर भरले असते तर हातचा एक डाव्या जोडीकडे न्यायचा. तो न्यायचे विसरले की यंत्र तक्रार करीत नाही; ते निमूटपणे चुकीची संख्या दाखवते. मग वही काढून एकेक पायरी पेन्सिलीने ताडून पाहायची.

चार आकडी उत्तर पत्त्याच्या चार खिडक्यांत बरोबर मावते. पेटीतली स्मृती फेराइटच्या कड्यांची नसल्यामुळे वीज गेली की लिहिलेले सारे पुसले जाई. म्हणून आज्ञावली आधी वहीत उतरवून ठेवण्याची रीत होती, डावीकडे पत्ता, उजवीकडे आज्ञेचा अंक, आणि कडेला, विसरू नये म्हणून, हातचा.