झांझिबारचे स्टोन टाउन : वास्तू, मालकी आणि देखभाल

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार शहरात २५ डिसेंबर २०२० रोजी ‘बेत अल-अजैब’, म्हणजेच ‘आश्चर्यांचे घर’, या राजवास्तूचा मोठा भाग कोसळला व दोन जणांचा मृत्यू झाला. सुलतान बरगाश बिन सईद याने १८८३ मध्ये उभारलेली ही इमारत २००० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या ‘स्टोन टाउन’ची सर्वांत ठळक खूण होती. दुर्घटना घडली त्या वेळी तिच्या दुरुस्तीचेच काम चालू होते. वारसा यादीतील स्थान आणि दुरुस्तीचा निधी ही दोन्ही हाताशी असतानाही इमारत का पडते, याचे उत्तर केवळ स्थापत्यशास्त्रात सापडत नाही. इमारत कोणाची होती, तिच्यात कोण राहत होते आणि तिची डागडुजी कोणी करावयाची होती, या प्रश्नांकडे वळल्याशिवाय स्टोन टाउनच्या ऱ्हासाचा उलगडा होत नाही.

या शहरातील घरे प्रवाळयुक्त दगड, चुना आणि तिवराचे वासे यांनी बांधलेली आहेत. तिवराच्या वाशाची लांबी मर्यादित असल्याने खोल्या अरुंद व लांबट झाल्या. रुंदी साधारण तीन मीटरच्या आतबाहेर राहिली. भिंती मात्र जाड. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतील ओल हळूहळू बाहेर पडते, म्हणून असे बांधकाम दमट हवेत टिकते. परंतु ‘मसिका’ व ‘वुली’ या दोन पावसाळ्यांपूर्वी छप्पर, पन्हळी व गिलावा यांची निगा राखावीच लागते. एकदा पाणी भिंतीत मुरले की वाशांची टोके कुजतात आणि मजला खचतो. त्यावर सिमेंट थापल्यास ओल आत कोंडली जाते व हानी वाढते. थोडक्यात, हे स्थापत्य दरवर्षीच्या देखभालीवर उभे असते आणि त्या देखभालीमागे एक सामाजिक व्यवस्था असावी लागते.

एकोणिसाव्या शतकात अशी व्यवस्था अस्तित्वात होती. लवंगांच्या बागा, हस्तिदंत आणि गुलामांचा व्यापार यांतून आलेल्या संपत्तीवर ओमानी सरदारांनी अंगणाभोवती बांधलेली मोठी घरे उभारली. या संपत्तीची काळी बाजू दृष्टिआड करून या वास्तूंचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. येथील गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला व त्या जागी अँग्लिकन चर्च बांधले गेले. कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांनी बाजारपेठेत खाली दुकान व वर बिऱ्हाड अशी घरे बांधली. कोरीव दरवाजांवरील पितळी खिळे आणि लाकडी सज्जे यांत पश्चिम भारताची ओळख आजही पटते. बरगाशचाही मुंबईशी संबंध होता. १८५९ मधील बंड फसल्यानंतर त्याला मुंबईत हद्दपारीत राहावे लागले. सत्तेवर आल्यावर त्याने शहरात नळाचे पाणी आणले. मुंबईत पाहिलेल्या नागरी सुविधांचा हा परिणाम असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

घराबाहेर भिंतीलगत दगडी ओटा असे. त्यास ‘बराझा’ म्हणतात. मालक, शेजारी, वाटसरू यांच्या बैठकी तेथे रंगत, व्यवहार ठरत, खेळ चालत. घराचा आतील भाग, विशेषतः स्त्रियांचा वावर, परक्याच्या नजरेपासून राखलेला असे; बराझा मात्र गल्लीचा असे. अनेक घरे वक्फ म्हणून राखलेली होती. त्यांतून नातेवाईक, आश्रित व गरीब यांना निवारा मिळे आणि उत्पन्नातून दुरुस्ती होई.

१९६४ च्या क्रांतीने ही चौकट मोडली. अरब व भारतीय मालकांपैकी अनेक जण परागंदा झाले, घरे सरकारजमा झाली आणि ग्रामीण भागातून आलेल्या कुटुंबांना नाममात्र भाड्याने देण्यात आली. ज्यांना या शहरात पूर्वी ओट्यापलीकडे प्रवेश नव्हता, त्यांना डोक्यावर छप्पर मिळाले, हे या धोरणाचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात चार-पाच बिऱ्हाडे आली. नव्या मोऱ्या व स्वयंपाकघरांचे पाणी चुन्याच्या भिंतीत मुरू लागले. भाडे इतके अल्प की त्यातून दुरुस्ती होणे शक्य नव्हते, आणि भाडेकरू मालक नसल्याने खर्च करण्यास धजत नव्हता. मुंबईतील भाडेनियंत्रित चाळींचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कोंडी अपरिचित वाटणार नाही.

१९८५ मध्ये स्टोन टाउनच्या संवर्धन व विकासासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. आगाखान संस्थेच्या साहाय्याने जुन्या दवाखान्याची इमारत १९९० च्या दशकात पुन्हा उभी राहिली. थारिया टोपण या कच्छी इस्माइली व्यापाऱ्याने तिचा पाया घातला होता. याच सुमारास अर्थव्यवस्था खुली झाली, सरकारी घरे विकली जाऊ लागली व त्यांपैकी कित्येकांची हॉटेले झाली. भिंतींना चुना मिळाला, पण बिऱ्हाडे हलली. वास्तू वाचवण्याचा हा मार्ग सर्वांत सोपा आहे. शहर वाचवण्याचा मात्र तो नव्हे.

संवर्धनाची सीमारेषा हाही वादाचा विषय आहे. खाडीपलीकडील वस्तीस ‘न्गाम्बो’, म्हणजे ‘पलीकडची बाजू’, असे नाव होते. तेथे मुक्त झालेले गुलाम, मजूर व कारागीर मातीच्या घरांत राहत. घर स्वतःचे, पण जमीन दुसऱ्याची असल्याने १९२८ मध्ये तेथील रहिवाशांनी जमीनभाडे देण्यास नकार देऊन मोठा संप केला. खाडी पुढे बुजविली गेली. क्रांतीनंतर पूर्व जर्मनीच्या मदतीने मिचेन्झानी येथे लांबलचक बहुमजली सदनिका उभ्या राहिल्या. शहरातील बहुसंख्य लोक या बाजूस राहतात. तरीही जागतिक वारशाचे मुख्य क्षेत्र जुन्या खाडीच्या अलीकडेच थांबते, आणि ज्या मजुरांनी दगडी घरांसाठी चुना भाजला, त्यांच्या वस्तीची नोंद अभ्यासकांनी अलीकडच्या काळात घ्यावयास सुरुवात केली आहे.