डॉ. कोटणीस, सूचिचिकित्सा आणि निदान न लागलेला रोगी

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि चिनी सूचिचिकित्सा, म्हणजे ॲक्युपंक्चर, यांची सांगड भारतात आता इतकी रूढ झाली आहे की ती कोणी तपासून पाहत नाही. कलकत्त्यातील कोटणीस स्मारक समितीने ही चिकित्सा देशभर नेली. लुधियाना येथे कोटणीसांच्या नावाने सूचिचिकित्सेचे रुग्णालय उभे राहिले. यावरून कोटणीसांनी चीनमध्ये ही विद्या आत्मसात केली होती, अथवा निदान तिचा पुरस्कार तरी केला होता, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तारखांच्या कसोटीस हा समज उतरत नाही. तो कसा निर्माण झाला याचा शोध घेऊ लागले असता प्रश्न एका व्यक्तीच्या चरित्रापुरता राहत नाही. ज्या दुखण्याचे नाव वैद्यास सांगता येत नाही, त्या दुखण्याचा रोगी कोणाकडे वळतो व का वळतो, हा त्याच्या मुळाशी असलेला खरा प्रश्न होय.

प्रथम तारखा पाहू. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घेतले. जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनला साहाय्य करावे, अशी विनंती सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना केली होती. तदनुसार राष्ट्रसभेने पाठविलेले पाच डॉक्टरांचे पथक सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघाले. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस हे ते पाच जण. त्यांपैकी चोळकर हे नागपूरचे; महाराष्ट्राने त्यांची आठवण कोटणीसांच्या मानाने फारच थोडी ठेवली आहे. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक यान्आनला पोहोचले. पुढे कोटणीस उत्तर चीनच्या आघाडीवरील सीमाप्रदेशात गेले, जानेवारी १९४१ मध्ये तेथील बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी मृत्यू पावले. त्यांचे कार्य शल्यवैद्याचे होते. गोळीने फुटलेले हाड, चिघळलेली जखम, कापून टाकावा लागणारा अवयव हे त्यांचे रोज पुढ्यात येणारे रोगी. त्यांच्या निदानास नाडी पाहावी लागत नव्हती.

याच सुमारास चीनमध्ये सूचिचिकित्सेची स्थिती काय होती? १८२२ साली चिंग सम्राटाने राजवैद्यकशाळेतून हा विभाग काढून टाकला होता. १९२९ साली राष्ट्रवादी शासनाच्या आरोग्यमंडळापुढे जुने वैद्यक सर्वस्वी बंद करावे असा ठराव आला आणि वैद्यांच्या प्रचंड विरोधामुळेच तो मागे पडला. खेड्यापाड्यांतून सुई टोचणारे होते. परंतु शिकलेल्या डॉक्टरांच्या लेखी ते न्हाव्याच्या वा मांत्रिकाच्या पंक्तीतले. साम्यवादी पक्षाची भूमिकाही आरंभी याहून फारशी निराळी नव्हती. हा बदल घडला तो तत्त्वज्ञानाने नव्हे, तर टंचाईने. ऑक्टोबर १९४४ मध्ये यान्आन येथे केलेल्या भाषणात माओने हिशेब मांडला तो असा: सीमाप्रदेशात पंधरा लक्ष लोक, त्यांत दहा लक्षांहून अधिक निरक्षर आणि दोन हजार मांत्रिक. नव्या डॉक्टरांनी जुन्या वैद्यांना हाताशी धरल्यावाचून तरणोपाय नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर, एप्रिल १९४५ मध्ये, रन त्सोथ्येन या वैद्याच्या साहाय्याने यान्आनच्या शांतता रुग्णालयात सूचिचिकित्सेचा विभाग सुरू झाला. तेथे ही विद्या शिकलेल्या चू ल्येन या महिला डॉक्टरांनी १९५१ साली ‘नवी सूचिचिकित्सा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

घोटाळ्याचे एक कारण येथे सापडते. बेथ्यूनचे व शांततेचे नाव धारण करणारी रुग्णालये एकाहून अधिक होती. कोटणीसांचे रुग्णालय आघाडीवरील, सूचिचिकित्सेचा विभाग निघाला तो यान्आनच्या रुग्णालयात. आणि तो निघाला तेव्हा कोटणीसांना जाऊन दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. पथकातील शेवटचे डॉ. बिजयकुमार बसू हेही १९४३ मध्येच मायदेशी परतले होते.

मग ही चिकित्सा भारतात आणली कोणी? ती आणली बसूंनीच; पण युद्धकाळात नव्हे. १९५८च्या सुमारास ते पुन्हा चीनला गेले. जुनाट नासाव्रणाच्या, सायनसच्या, विकाराने ते त्रस्त होते. तेथे सुईने त्यांना आराम पडला आणि रोगी म्हणून गेलेले बसू विद्यार्थी होऊन परतले. १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी ही चिकित्सा सुरू केली. तोवर चीनमध्ये सर्व चित्र पालटले होते: १९५५ साली पेकिंगला पारंपरिक वैद्यकाची अकादमी स्थापन झाली होती, १९५६ साली चार महाविद्यालये निघाली होती. बसू शिकले ती विद्या म्हणजे हजारो वर्षांची अखंड परंपरा नव्हे; एका नव्या राज्याने निवडून, पाठ्यक्रमात बसवून, सुटसुटीत केलेले ते शास्त्र होते. पुढे १९६२ चे युद्ध झाले. चिनी नावाची कोणतीही वस्तू ज्या काळात संशयास्पद ठरत होती, त्या काळात बसूंनी हे काम सोडले नाही, हे त्यांच्या निष्ठेचे गमक मानावे लागेल. १९७३ साली स्थापन झालेल्या स्मारक समितीच्या द्वारे या चिकित्सेस कोटणीसांचे नाव लाभले. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या १९४६ सालच्या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे ते नाव घरोघर पोहोचलेले होतेच. मित्राचे स्मरण म्हणून हे योग्यच झाले. इतिहास म्हणून मात्र ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

आता रोग्याकडे वळू. चिनी वैद्य दोन्ही मनगटांवर प्रत्येकी तीन ठिकाणी नाडी पाहतो, जीभ पाहतो, झोप, घाम, तहान यांची विचारपूस करतो आणि लक्षणांच्या जुळणीस एक नाव देतो. यकृताची ऊर्जा कोंडली, प्लीहा दुर्बल झाली, अशी ही नावे असतात. त्यांतील यकृत हे शवविच्छेदनात दिसणारे यकृत नव्हे. या पद्धतीत नाव नाही असे दुखणेच उरत नाही. तिचे आकर्षण येथेच आहे आणि धोकाही येथेच. १९५०-६० च्या दशकांत चीनमध्ये मज्जादौर्बल्य या नावाचे निदान सर्रास होत असे: थकवा, डोके जड, झोप नाही, लक्ष लागत नाही. आर्थर क्लाइनमन यांनी १९८० साली हुनान प्रांतातील छांगशा येथे असे १०० रोगी तपासले, तेव्हा त्यांपैकी ८७ जणांना तीव्र खिन्नतेचा विकार असल्याचे आढळले. मनाचे दुःख सांगण्यास जेथे वाव नव्हता, तेथे ते अंगदुखीच्या भाषेत सांगितले जात होते.

मराठवाड्यातील वाचकास हे परके वाटू नये. परभणी जिल्ह्यातील सोनपेठसारखे गाव घ्या. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते, आणि मराठवाड्यातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, निघाले ते १९५६ साली. त्यापूर्वी अशा गावातील रोग्यास वैद्य होता, हकीम होता, आणि त्याहून जवळ बिब्बा घालणारी म्हातारी, तुंबडी लावणारा नि डागणी देणारा होता. वैद्यही नाडी पाही, हकीमही पाही. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. नाडीपरीक्षा ही आयुर्वेदाची आद्य खूण मानली जाते. परंतु चरक व सुश्रुत यांच्या संहितांत ती नाही. ती प्रथम स्पष्टपणे येते शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास. ती बाहेरून आली असावी असे तर्क अनेकांनी केले आहेत. त्यांत चीनचेही नाव घेतले जाते. सूचिचिकित्सेस चिनी भाषेत जो शब्द आहे त्याचे दोन भाग आहेत, सुई आणि शेक. या शेकासाठी जाळतात ती वनस्पती आणि जोतिबाला वाहिला जाणारा आपला दवणा या एकाच कुळातील होत. यावरून उगमाचा सिद्धांत काढणे धाडसाचे ठरेल. इतके मात्र खरे की डागणीची सवय असलेल्या समाजास सुईचे नवल फारसे वाटण्याचे कारण नव्हते.

उपयोगाचा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा असे म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याचाही आता इतिहास झाला आहे. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रोग्यांवर झालेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के, भलत्याच ठिकाणी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के रोग्यांना गुण आला. सुईने गुण येतो. पण ती कोठे टोचली यास फारसे महत्त्व दिसत नाही. नाड्यामार्गांच्या जुन्या नकाशास यापेक्षा मोठा धक्का दुसरा नाही. निदान न लागलेल्या रोग्यांविषयीचा प्रयोग लंडनमध्ये झाला व २०११ साली प्रसिद्ध झाला. वारंवार दवाखान्यात येणारे, पण तपासण्यांत काही न सापडणारे ८० रोगी त्यात होते. अर्ध्यांना लगेच व अर्ध्यांना सहा महिन्यांनी उपचार दिले गेले. आधी उपचार मिळालेल्यांनी आपली प्रकृती काहीशी सुधारल्याचे सांगितले. येथे खोट्या सुईची तुलना नव्हती, त्यामुळे सुधारणा सुईने झाली की कोणीतरी तासभर बसून सर्व ऐकून घेतल्याने, हे सांगता येत नाही. तथापि ज्यास ‘तुला काही झालेले नाही’ एवढेच ऐकावयास मिळाले आहे, त्या रोग्याला हा भेद किती महत्त्वाचा वाटेल, याचा विचार वैद्यकानेही केला पाहिजे.

शासनाने मान्यता दिली ती टप्प्याटप्प्याने. पश्चिम बंगालने १९९६ साली कायदा केला. केंद्राने २००३ साली उपचारप्रकार म्हणून आणि २०१९ साली स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून ही चिकित्सा मान्य केली. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा. या मान्यतेने चिकित्सकाची नोंदणी झाली, पण निदान कोणी करावयाचे हा प्रश्न जेथल्या तेथेच राहिला. बसू स्वतः पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले डॉक्टर होते. सुई हाती घेण्यापूर्वी रोग्याच्या छातीस नळी लावून पाहण्याची विद्या त्यांना अवगत होती. सततच्या थकव्यामागे रक्तक्षय असतो, अवटुग्रंथीचा विकार असतो, क्षयही असतो. सोनपेठहून थकलेली बाई सुईवाल्याकडे जाते तेव्हा तिचे रक्त त्यापूर्वी कोणी तपासले होते काय, हे त्याच्या नोंदवहीत असावयास हवे.