‘पण’ची वाटचाल

मराठीत विरोध दाखवायला आज सर्वाधिक वापरला जाणारा ‘पण’ हा शब्द मुळात विरोधाचा नव्हे. तो संस्कृत ‘पुनः’पासून, म्हणजे ‘परत, आणखी’ या अर्थाच्या शब्दापासून आला. एक गोष्ट सांगून पुन्हा बोलू लागले, की आधीच्या बोलण्याला बहुधा मुरड पडते. त्यामुळे ‘उलटपक्षी’ हा अर्थ त्याला संस्कृतातच चिकटला होता. महाराष्ट्री प्राकृतात त्याची ‘पुण’ आणि ‘उण’ अशी रूपे झाली, आणि तिथल्या गाथांत ‘उण’ सर्रास ‘मात्र’ या अर्थाने येतो.

जुना अर्थ तरीही मेला नाही. ‘मी पण येतो’ यात भर आहे, ‘पण मी येतो’ यात विरोध. शब्द तोच, फक्त जागा बदलली. गुजरातीतला ‘पण’ही याच मुळाचा असून तोही ही दोन्ही कामे करतो.

यादवकालीन मराठीत मान होता तो ‘परी’ला. संस्कृत ‘परम्’पासून आलेला हा शब्द शके 1212च्या (इ.स. 1290) ज्ञानेश्वरीत जागोजागी भेटतो. पुढे तो बोलण्यातून हटला आणि कवितेपुरता उरला. गद्यात त्याची जागा ‘परंतु’ने घेतली. फारसीचा प्रभाव असलेल्या शतकांत ‘व’ आणि ‘अगर’ मराठीत कायमचे रुजले, पण ‘लेकिन’ आणि ‘मगर’ यांना तसे घर मिळाले नाही. हे काम करणारे शब्द मराठीपाशी आधीच पुरेसे होते.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 साली छापून आले, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली. ‘पण, परंतु, परी, किंतु, बाकी’ ही शालेय व्याकरणात पक्की झालेली यादी ‘न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यये’ या नावाने शिकवली जाते. हे नाव अपुरे आहे. ‘तो गरीब आहे, पण प्रामाणिक आहे’ यात ‘पण’ उणीव दाखवत नाही, उलट ती भरून काढतो.

‘मात्र’ या यादीत सहसा नसतो, कारण तो दोन वाक्यांच्या सांध्यावर बसत नाही. ‘तो गेला, मी मात्र राहिलो’ यात तो ज्याला वेगळे काढायचे त्याच्यामागे उभा राहतो. कॉकेशसमधल्या जॉर्जियन भाषेत अशीच विभागणी आहे. ‘मग्राम’ हा ‘पण’सारखा वाक्याच्या सुरुवातीला येतो, तर ‘की’ हा ‘मात्र’सारखा शब्दामागून: ‘मे की’ म्हणजे ‘मी मात्र’. या दोन भाषांचे एकमेकींशी कुळाचे काही नाते नाही.

मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या वसाहतीत मराठी आणि गुजराती ‘पण’, हिंदी ‘पर’ आणि ‘लेकिन’, उर्दू ‘मगर’ हे सगळे शेजारीशेजारी ऐकू येतात. मीरा-भाईंदरच्या मूळ गावांतले आगरी-कोळी ‘पन’ म्हणतात. यांतला ‘पर’ जुन्या ‘परी’चा सख्खा. ज्ञानेश्वरीतला शब्द इथे हिंदी बोलणाऱ्यांच्या तोंडी रोज चालतो.