बॅटरीचा प्रवाह तोडण्याचा इतिहास

आपल्याकडे इन्व्हर्टर हा शब्द घराघरांत पोहोचला तो भारनियमनामुळे. वीज गेली की पंखा चालू ठेवणारी पेटी, एवढाच त्याचा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. ही पेटी वीज तयार करते, असे सांगणारे विद्यार्थीही वर्गात भेटतात. हा समज तपासायला अमेरिकेतील मोटारहोमचे उदाहरण सोयीचे आहे. मोटारहोम म्हणजे स्वयंपाकघर, बिछाने असलेले, स्वतःच्या इंजिनावर धावणारे घर. तिथे इन्व्हर्टर आणि कन्व्हर्टर ही दोन निराळी कामे मानतात, आणि बॅटरी संपली की रात्र अंधारात काढावी लागते. या दोन्ही साधनांचा इतिहास मोटारहोमपेक्षाही जुना आहे.

1831 च्या ऑगस्टमध्ये मायकेल फॅरेडे यांनी एका लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्याला बॅटरी जोडली, दुसऱ्याच्या तारेजवळ चुंबकसूची ठेवली. बॅटरी जोडताच सूची हलली, तोडताच उलट बाजूला हलली. मधल्या वेळात प्रवाह वाहत असूनही ती स्वस्थ राहिली. रोहित्राचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे सारे मर्म या निरीक्षणात आहे. रोहित्राला बदलता प्रवाहच कळतो. बॅटरीचा एकदिश, म्हणजे डीसी प्रवाह रोहित्राकडून वाढीव दाबाचा करून हवा असेल, तर तो सतत तोडत-जोडत राहिले पाहिजे. शाळेतील गॅल्व्हानोमीटर घेऊन हा प्रयोग जरूर करावा. वर्णन वाचून तो तितकासा पटत नाही.

प्रारंभी हे काम फिरत्या यंत्रांकडे होते. 1888 मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी फिरता कन्व्हर्टर तयार केला. तो प्रत्यावर्ती, म्हणजे एसी प्रवाहाचे रूपांतर डीसीमध्ये करी. हेच यंत्र डीसी देऊन उलटे चालवले की एसी मिळे. या ‘उलटे’पणातूनच इन्व्हर्टर हे नाव आले. जनरल इलेक्ट्रिकमधील डेव्हिड प्रिन्स यांनी 1925 मध्ये ‘द इन्व्हर्टर’ याच नावाचा लेख लिहिला. त्यात फिरत्या भागांऐवजी निर्वात नलिकांनी हे काम कसे साधेल ते मांडले होते. (त्याच वर्षी 3 फेब्रुवारीला मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ती 1500 व्होल्ट डीसीवर.)

रस्त्यावरच्या वाहनात ही गरज निर्माण केली ती रेडिओने. मोटारीची बॅटरी तेव्हा 6 व्होल्टची असे, तर रेडिओच्या व्हॉल्व्हना सुमारे 200 व्होल्ट लागत. त्यासाठी आधी वेगळ्या बॅटऱ्या बाळगाव्या लागत. 1930 च्या दशकात व्हायब्रेटर आला. ही जवळजवळ आपल्या विजेच्या घंटेचीच रचना होती. पोलादी पट्टी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरून प्रवाह तोडी, रोहित्र दाब वाढवी आणि मग तो पुन्हा एकदिश केला जाई. फॅरेडे यांनी हाताने केलेले काम एका पट्टीवर सोपवले गेले, असे म्हणता येईल. ठिणग्यांनी संपर्कबिंदू जळत, त्यामुळे व्हायब्रेटर बदलण्यासाठी काढता येईल असाच बसवलेला असे.

आयोवा राज्यातील विनेबागो कारखान्यात 1966 पासून मोटारहोम बनू लागली. त्यावेळी मोटारीची बॅटरी 12 व्होल्टची झाली होती. दिवे आणि पाण्याचा पंप तिच्यावर चालत. घरगुती उपकरणांना मात्र 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ एसी लागे. तळावर वीज जोडली की कन्व्हर्टर तिचे 12 व्होल्ट डीसी करून दिवे चालवी व बॅटरी भरी. उलट दिशेचे काम अवघड होते. 1957 मधील थायरिस्टर आणि त्यानंतरचे शक्तिशाली ट्रान्झिस्टर यांनी ते आटोक्यात आणले. आजचे पुष्कळसे इन्व्हर्टर बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतात. वारंवारता इतकी वाढल्यावर रोहित्र मुठीत मावण्याएवढे पुरते. मिळालेल्या उच्च दाबाच्या डीसीपासून मग 60 हर्ट्झची लहर घडवली जाते.

आता हिशेब पाहू. मायक्रोवेव्ह भट्टीला 1500 वॅट लागतात असे धरू. इन्व्हर्टरची कार्यक्षमता 90 टक्के असेल तर बॅटरीतून सुमारे 1670 वॅट, म्हणजे 12 व्होल्टला जवळजवळ 140 अँपिअर धारा खेचली जाईल. 120 व्होल्टच्या बाजूला ती केवळ 12.5 अँपिअर असते. तारेतील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीच तार बॅटरीकडे वापरली तर ती सव्वाशे पट तापेल. इन्व्हर्टर बॅटरीजवळ बसवतात आणि बोटाएवढ्या जाड तारा वापरतात त्या याचसाठी. दहा मिनिटांत 23 अँपिअर-तास खर्च होतात. 100 अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी टिकवायची तर तिच्यातून निम्मेच घ्यावे, असा संकेत आहे. त्यातच 1897 मध्ये जर्मनीत पॉइकर्ट यांनी दाखवले होते की धारा जितकी मोठी, तितकी अशा बॅटरीची उपयोगी क्षमता कमी. 100 हा आकडा सामान्यतः 20 तास सावकाश 5 अँपिअर घेतल्यास मिळणारा असतो. त्यामुळे कागदावरची वीस मिनिटेही हाती येत नाहीत.

लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीत हा तोटा बराच कमी आहे व तिच्यातील 80 टक्के साठाही वापरता येतो. तरीही वातानुकूलन यंत्र रात्रभर चालवायचे म्हटले की गणित पुन्हा कोलमडते. मोठ्या मोटारहोममध्ये आजही त्यासाठी बहुधा इंधनावरचे जनित्र ठेवलेले असते.