थ्रेड : गाद्यांनी सोडवलेले कोडे

१/ नागपूरचा जरीपटका फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबांनी वसवला. तेथील स्लॅबच्या घरात, रिकाम्या खोलीत उत्तम स्पीकर लावला तरी गाण्याचे शब्द एकमेकांवर चढतात. दोष यंत्राला दिला जातो. घुमतात मात्र भिंती.

२/ १८९५. हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत असे. वॉलेस सेबाईन या तरुण प्राध्यापकाने सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली, नाद मावळण्याचा काळ मोजला आणि सकाळपूर्वी गाद्या जागेवर नेऊन ठेवल्या. रात्रीमागून रात्री. (प्रयोगशाळेचे भाडे शून्य!)

३/ १८९८ मध्ये नियम गवसला : खोलीचे घनफळ वाढले की घुमणे वाढते, शोषण वाढले की घटते. याच आधारावर १९०० मध्ये बोस्टनचे सिम्फनी हॉल उभे राहिले.

४/ आता १२×१० फुटांची, १० फूट उंचीची खोली घ्या. उघडा गिलावा व फरशी जेमतेम ३ टक्के ध्वनी शोषतात असे धरले, तर घुमणे सुमारे २.९ सेकंद. त्यात गादी, रजई, जाड पडदे असे ८ चौरस मीटर मऊ पृष्ठभाग आले आणि ते निम्मा ध्वनी गिळू लागले, की एक सेकंदाच्या आत.

५/ बैठकीच्या खोलीत गाद्या आणि लोड होतेच. सूत्र नंतर आले. तबल्याच्या बायाँचा खर्ज मात्र पातळ पडद्याला जुमानत नाही. त्यासाठी कोपऱ्यात जाड कापसाची गादी उभी करावी लागते.